नाव झाकलेली उत्तरपत्रिका



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी प्रथम शिकलो आणि पुढे त्यांच्याच शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासल्या. एका उन्हाळ्यात शाळेच्या वार्षिक परीक्षेचा माझा इतिहासाचा गठ्ठा तपासून झाला. गुण मी निराळ्या तक्त्यावर मांडले होते, पत्रिका कोऱ्याच होत्या. पंधरवड्यानंतर गुरुजींनी तक्ता स्वतःकडे ठेवून घेतला आणि त्यांतल्या दहा पत्रिका मला नव्याने तपासावयास सांगितल्या. आधी नापास ठरलेले दोन विद्यार्थी या खेपेस पास झाले आणि पास झालेला एक गेला. गुरुजी रागावले नाहीत. "यांतला खरा तू कोणता?" एवढेच त्यांनी विचारले. आजचे माझे विवेचन त्या प्रश्नातून निघाले आहे.

आपल्याकडील शालेय परीक्षा मुळात शाळेची नव्हतीच. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि मॅट्रिक ही त्यांच्या प्रवेशद्वारावरची परीक्षा ठरली. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. रानडे आणि भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. परंतु पाहता पाहता तो दाखला सरकारी नोकरीचा परवाना झाला. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-व्यवसायाकडे नेणारी. ही दुसरी शाखा खुरटली. त्याचा दोष पालकांना देण्याची आपल्याकडे पद्धत आहे; मला ते पटत नाही. ज्या कागदाला कचेरीत मोल नाही, तो कागद घेण्यास आपला मुलगा कोणी का पाठवावा?

शालेय परीक्षा विद्यापीठांच्या हातून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्यात, अशी शिफारस १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने केली. १९२१ साली संयुक्त प्रांताचे मंडळ उभे राहिले आणि राजपुताना, मध्य हिंदुस्थान व ग्वाल्हेर हे प्रदेश त्याच्याच कक्षेत आले. पुढे १९२९ साली या भागांसाठी निराळे राजपुताना मंडळ झाले. आजचे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ हे त्याचेच १९५२ नंतरचे नाव, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. इंदूर-ग्वाल्हेरच्या संस्थानी मुलाचा निवाडा असा दूरच्या, अनोळखी माणसाकडे गेला. महाराष्ट्रात ज्याला आसन क्रमांक म्हणतात आणि आपण इंदूरकर रोल नंबरच म्हणतो, त्याने सरदाराच्या आणि कारकुनाच्या मुलाचे नाव सारखेच झाकले. ही लहान गोष्ट नव्हे.

पण परीक्षक अनोळखी असला म्हणजे तो स्थिरही असतो काय? सॅडलर आयोगाचे एक सभासद फिलिप हार्टोग हे नंतर ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स यांच्या साहाय्याने नेमका हाच प्रश्न धसास लावला आणि १९३५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका पंधरा अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. वर्ष-दीड वर्षाने त्याच पत्रिका त्यांतील चौदा परीक्षकांना पुन्हा दिल्या. एकूण २१० निवाड्यांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच पत्रिकेला आधीहून निराळी श्रेणी दिली.  हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा गठ्ठा त्यांच्याहून वाईट नव्हता, हे समाधान फार तोकडे होते.

हाताच्या विद्येचे गणित निराळे आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्या परीक्षांसाठी १९५६ साली राष्ट्रीय परिषद नेमली गेली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. फिटरच्या परीक्षेत लोखंडाचा तुकडा कानशीने घासून दिलेल्या मापात बसवावा लागतो. तेथे मोजपट्टीला दोन मते नसतात. निबंधापेक्षा हा निवाडा अधिक खरा, असे माझे स्पष्ट मत आहे. समाजाने मात्र तो नेहमीच खालच्या पंक्तीला बसविला. शिवाय मोजपट्टी खरी असली तरी ती धरणारा हात शिकविणाऱ्याचाच असेल, तर शंका उरतेच. प्रमाणपत्रे देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांना मान्यता देऊन त्यांवर देखरेख ठेवणारी नवी राष्ट्रीय परिषद २०१८ साली स्थापन झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची.

नाव झाकण्याची दुसरी बाजू आपल्याच शहराने पाहिली. जुलै २०१३ मध्ये राज्याच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांच्या नावाने बसण्यासाठी आलेले तोतये इंदुरात पकडले गेले. पुढे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो सारा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. जो क्रमांक गरिबाच्या मुलाला झाकतो, तोच तोतयालाही झाकतो. केंद्राच्या सार्वजनिक परीक्षांसाठी २०२४ साली झालेल्या कायद्यात संघटित गैरप्रकारांना किमान पाच वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. पेपर फोडणाऱ्यास तो जरब बसवील. चुकणाऱ्या प्रामाणिक परीक्षकाला मात्र कोणता कायदा लावणार?

गुरुजींनी त्या दहा पत्रिकांचे काय केले, ते सांगावयाचे राहिले. दुसऱ्या खेपेस गेलेल्या मुलाला त्यांनी पासच ठेवले. उरलेल्या दोघांना बोलावून, मला खोलीबाहेर बसवून, दोन अन्य शिक्षकांसमोर तोंडी प्रश्न विचारले. एक पास झाला. दुसरा त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसला. त्या वर्षभर मी रोज त्याची हजेरी घेत असे. तो आज या सभागृहात आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. त्याचा रोल नंबर सतरा होता.