हिरव्या पाटीची गोष्ट

क्विल्टिंगचा नाद लागलेल्या कुणाच्याही टेबलावर बघा, शिलाई मशीनच्या शेजारी एक हिरवी, चौकटी आखलेली पाटी असतेच असते. कटिंग मॅट. किंमत ऐकली की नवखा माणूस दचकतो. कापडाखाली घालायच्या वस्तूला एवढे पैसे? आपल्या आज्यांनी जुनी नऊवारी लुगडी एकावर एक घालून, धावदोरा टाकत गोधड्या शिवल्या, त्यांना कुठे लागली मॅट?

नाही लागली, खरंय. पण गोधडीत ठिगळं थरांवर बसतात. एखादं कमीजास्त झालं तर शेजारचं सांभाळून घेतं. अमेरिकन पद्धतीच्या क्विल्टमध्ये आधी शेकडो तुकडे कडेला कड जोडून वरचं एक सलग कापड करायचं असतं. तिथे सांभाळून घ्यायला कुणी नसतं.

हिशोब सोपा आहे. सुतार इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक म्हणजे एक सूत. प्रत्येक तुकडा फक्त अर्धं सूत मोठा झाला आणि ओळीत असे सोळा तुकडे असले, तर ओळ चक्क एक इंच वाढते. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोन्ही जुळायच्या नाहीत. (आम्ही याला राउंडिंग एरर म्हणतो आणि टेस्टिंगवाल्यांशी भांडतो. कापडाशी भांडता येत नाही.)

सत्तरच्या दशकापर्यंत ही चूक आटोक्यात ठेवायचं साधन म्हणजे पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कात्री. तिन्हीत घोळ. पेन्सिल फिरून फिरून साच्याची कड झिजते. पेन्सिलच्या रेघेला स्वतःची जाडी असते, मग रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून? आणि कात्रीचं खालचं पातं कापडाखाली शिरतं, म्हणजे कापताना कापड उचललं जाणारच. चार थर एकदम कापले तर चौथा हमखास सरकतो. म्हणून एकेक तुकडा आखायचा, एकेक कापायचा. मोठ्या क्विल्टचं नुसतं कापणंच कित्येक संध्याकाळी खायचं.

यातून सुटायची युक्ती मात्र जुनी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या सेमिनोल बायका हातमशीनवर कापडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, तो जोड आडवा कापायच्या आणि तुकडे थोडे सरकवून पुन्हा शिवायच्या. चिमुकले तुकडे हाताळायचेच नाहीत, पट्ट्या हाताळायच्या. मला ही युक्ती फार आवडते, कारण यात काम कमी होत नाही, कामाचा क्रम बदलतो.

पुढे १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं क्विल्ट्स चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली आणि जुन्या घरगुती कलांना एकदम भाव आला. त्याच वर्षी बार्बरा जोहाना यांचं झटपट क्विल्टिंगचं पुस्तक आलं, ज्याच्या नावातच या वीकएंडला क्विल्ट पूर्ण करायचं आश्वासन होतं. आठवडाभर नोकरी करून शनिवारी मशीनवर बसणारीला हेच हवं होतं. पण झटपट सरळ पट्ट्या कापायचं अवजार कुठे होतं?

ते आलं ओसाकाहून. तिथे योशिओ ओकादा नावाचे गृहस्थ छपाईच्या कामात होते, आणि कागद कापताना पातं सारखं बोथट व्हायचं. फुटक्या काचेच्या धारेनं काम करणारे कारागीर त्यांनी पाहिले होते, आणि खाचा पाडलेला चॉकलेटचा बारही. दोन्ही जोडून १९५६ मध्ये त्यांनी टोक मोडलं की नवी धार देणारा कटर केला. आपल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो तो हाच. जपानीत ‘ओरु’ म्हणजे मोडणे, ‘हा’ म्हणजे पातं, त्यावरून ब्रँड झाला ओल्फा. याच कंपनीनं १९७९ मध्ये गोल फिरणाऱ्या पात्याचा रोटरी कटर काढला. काढला होता शिवणकामासाठी, पण क्विल्टवाल्यांनी तो असा उचलला की आज तो त्यांचाच वाटतो.

गोल पातं कापडावरून लोळत जातं, त्यामुळे कापड उचललंच जात नाही. चार थर एका दमात, जाड अ‍ॅक्रिलिक पट्टीच्या कडेनं. पण पातं कापडाच्या पार जाऊन थांबणार कुठे? काचेवर धार जाते. लाकडावर पातं रेषांच्या मागे भरकटतं. पुठ्ठ्यावर एकदा चर पडला की पुढचा काप त्याच चरात घसरतो. म्हणून माझ्या मते खरा शोध अर्धा कटरचा आणि अर्धा खालच्या मॅटचा आहे.

मॅटला सेल्फ हीलिंग म्हणतात. जखम वगैरे काही भरून येत नाही. नेहमीच्या मॅटमध्ये मऊ पीव्हीसीचे थर असतात आणि मध्ये एक कडक थर. पातळ धार मऊ थर बाजूला सारत आत शिरते, निघून गेली की लवचीकपणामुळे तो मिटतो. अट एकच, पात्यानं मॅटचा पदार्थ खरवडून काढता कामा नये. तिरकं धरलेलं किंवा बोथट पातं दाबून फिरवलं की तेच होतं. म्हणजे मॅटचं आयुष्य बरंचसं पातं वेळेवर बदलण्यात आहे. आणि त्याच मॅटवर घरातला कुणी टोकदार चाकूनं प्रोजेक्टचे पुठ्ठे कापत असेल तर त्याला दुसरी द्या.

घेताना आधी माप बघा. क्विल्टिंगच्या सुती कापडाचा पन्हा साधारण ४२ ते ४४ इंच, दुमडला की २१-२२. म्हणून तिकडे २४ x १८ इंचाची मॅट सर्रास चालते. आपल्याकडे ए-टू मिळते, ती २३.४ x १६.५ इंच, दुमडलेला पन्हा बसतो. ए-थ्रीवर बसत नाही, दरवेळी कापड सरकवावं लागतं, आणि सगळी भानगड सरकण्याचीच तर होती. पारदर्शकसर, पातळ पॉलिप्रॉपिलीनची मॅट हलकी असते पण कडक, त्यावर पातं लवकर बोथट होतं. रोज कापणार असाल तर जाड पीव्हीसीच घ्या. दुकानातच स्टीलच्या पट्टीनं छापलेली चौकट मोजा, दोन्ही कर्ण सारखे येतात का बघा. घरी मोजमाप पट्टीवर करा, मॅटच्या रेघा कापड सरळ ठेवण्यापुरत्या.

उष्णतेला मात्र मॅट फार भिते. उन्हात उभ्या गाडीत, खिडकीत किंवा इस्त्रीखाली ती वाकते, आणि वाकलेली मॅट पूर्ववत सपाट होईल याची खात्री नाही. भिंतीला टेकवूनही ठेवू नका, पलंगाखाली आडवी सरकवा.

रोज एकाच रेघेवर कापलं तर तीच रेघ आधी जाते, म्हणून अधूनमधून मॅट फिरवत जा. तरी एक दिवस मधला भाग धागे गिळायला लागतो, कापड पूर्ण कापलं जात नाही. तेव्हा नवी आणा. जुनीचे कोपरे बहुतेक कोरेच असतात, तेवढे कापून शिलाई मशीनशेजारी छोटी मॅट म्हणून ठेवता येतात. कापायला पट्टी आणि साधा मोडक्या पात्याचा कटर, दोन-चार वेळा ओढावा लागेल एवढंच.