मुद्गल, खांदा आणि नोंदवही

गेल्या वर्षी पुण्यात फळीवरचा डबा काढताना माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वय अठ्ठावीस, दिवसभर काम कीबोर्डवर. फिजिओथेरपिस्टने ओणवं उभं करून हात लोलकासारखा सैल झुलवायला लावला. मला अकोल्याच्या घरातला आबाजींचा मुद्गल आठवला.

दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो बसतो ती खोबण उथळ; बशीत लिंबू ठेवावं तशी. म्हणून हात चहूकडे फिरतो, म्हणूनच तो निखळतोही लवकर. बाहेरचा डेल्टॉइड हात उचलताना गोळ्याला वर ओढतो. त्याच वेळी सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार छोटे स्नायू गोळा खोबणीत दाबून धरतात. हाच रोटेटर कफ.

लोलकाचा तो व्यायाम बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. कफचा फाटलेला कंडरा शिवल्याची हकीकत त्यांनी १९११ साली छापली. १९३४ साली खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. या दोन सालांच्या मध्ये, १९१४ साली, अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. अमरावतीत इंजिनिअरिंग करताना ही गोष्ट मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो.

त्यामुळे ‘आपल्या आखाड्यांना हे आधीच ठाऊक होतं’ असं लिहायचा मोह झाला. पण साम्य फक्त दिसण्यातलं आहे. लोलकात हात सैल सोडायचा असतो, कफला विसावा मिळतो. मुद्गल पाठीमागून फिरतो तेव्हा त्याचं वजन सांध्याला बाहेर खेचतं आणि कफला सगळी ताकद लावावी लागते. आखाड्याकडे होता तो क्रम. आबाजी म्हणायचे, “अगोदर हलका घे, मंग भारी. जोर नोको लावू, त्याले फिरू दे.”

कॉडमन यांचा आग्रह वेगळाच होता: प्रत्येक रोग्याचं पुढे काय झालं ते लिहून ठेवायचं, आपल्या चुकांसकट. त्यापायी त्यांचं आपल्याच रुग्णालयाशी बिनसलं.

आखाड्याला जिंकलेले लक्षात राहतात. खांदा गेलेल्यांची नोंद कोण ठेवणार? आबाजींच्या धाकट्या भावाने तरुणपणीच आखाडा सोडला. आमच्या घरात त्याचं कारण एकच सांगितलं जाई: “त्याच्यात दमच नोता.”

दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा धाकट्या आबाजींना म्हटलं, हात वर करून दाखवा. ते हसले. “साठ वर्षांत कोनं इचारलं नाही, बापू.”

त्यांनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेत थांबला, माझा थांबतो अगदी तिथेच.