काडीमोड आणि तडजोड

‘काडीमोड’ हा शब्द आपण सारेच वापरतो. पण त्यातली काडी आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. एके काळी ती खरीखुरी काडी होती. महाराष्ट्रातील अनेक जातींत नवराबायकोचे पटेनासे झाले, की प्रकरण जातीच्या पंचांपुढे येई. पंच दोन्ही बाजू ऐकत, देण्याघेण्याचा निकाल लावीत आणि सर्वांदेखत काडी मोडली जाई. ‘फारकत’, ‘सोडचिठ्ठी’ हे शब्दही त्याच व्यवहारातले.

या निवाड्यात स्त्रीची बाजू मांडली जाई ती पुरुषांच्याच बैठकीत. तेव्हा तो नेहमी न्याय्य असे, असे म्हणता येणार नाही. तरीही त्यातून सुटकेची एक वाट होती. इंग्रजी अमदानीत ती वाटही अरुंद झाली. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आपण मानीत नाही, असे मुंबई हायकोर्टाने १८७६ साली एका फौजदारी खटल्यात सांगितले. पंचांचा निवाडा असा लटका पडला. आणि हिंदू पत्नीला घटस्फोट देणारा कायदा तर सरकारनेही केलेला नव्हता.

या कोंडीत सापडलेली स्त्री म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण ती आईच्या घरीच राहिली, वाढली, शिकली. १८८४ साली दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. न कळत्या वयात लावलेले लग्न आपणास मान्य नाही, असा रखमाबाईंचा पक्ष होता. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

वृत्तपत्रे पेटली, विलायतेपर्यंत चर्चा गेली. पण श्रोतेहो, या गाजलेल्या खटल्याचा शेवट कोणत्याही न्यायासनासमोर झाला नाही. जुलै १८८८ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. चार वर्षे कोर्टात जे सुटले नाही, ते कोर्टाबाहेर सुटले.

खरेच सुटले का? रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. एवढे त्या तडजोडीने दिले. विवाहबंध मात्र तिने तोडला नाही. दादाजी दुसरे लग्न करण्यास कायद्याने मोकळे होते, रखमाबाई नव्हत्या. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. दोन हजार रुपयांनी त्यांना तुरुंगातून सोडविले, लग्नातून नव्हे.

पुढे कायदा हळूहळू बदलला. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली गेली. बडोदे संस्थानाने १९३१ साली आणि मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर नेला आणि रूढीने चालत आलेला काडीमोडही कायम ठेवला. १९७६ साली परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय झाली आणि १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले. आज पतिपत्नी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर किंवा मध्यस्थासमोर बसून पोटगीचे आणि मुलांचे ठरवितात, आणि न्यायालय त्यावर मोहोर उठविते.

घरची भांडणे चव्हाट्यावर नेऊ नयेत, ही आपली जुनी शिकवण शहाणपणाची आहे. तिला रखमाबाईंच्या आयुष्याने एक पुरवणी जोडली आहे. समेट नाकारणाऱ्यालाही जाण्यास दार असेल, तरच समेटाला समेट म्हणावे. ज्याला दुसरे दारच नाही, त्याची तडजोड म्हणजे केवळ खंडणी. रखमाबाईंनी ती भरली. पुढच्या पिढ्यांना ती भरावी लागू नये, म्हणून कायद्याचे दार हवे.