मान्यासचं तळं आणि एक परागंदा जनुकशास्त्रज्ञ

परदेशातून येऊन आपल्यात मिसळून गेलेला जनुकशास्त्रज्ञ म्हटला की आपल्याकडे एकच नाव निघतं, जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ साली ते इंग्लंड सोडून कलकत्त्याला आले, इथले कपडे घालू लागले, इथले नागरिक झाले, वर्तमानपत्रांतून सामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहीत राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्याविषयी वाचता वाचता मला एका तळटिपेत दुसरं नाव भेटलं, कुर्ट कोसविग. हाल्डेन यांच्या वीस वर्षं आधी हा जर्मन जनुकशास्त्रज्ञ आपली माशांची टाकी सोडून इस्तंबूलला गेला होता. तुर्कस्तानात त्यांचा उल्लेख आधुनिक प्राणिशास्त्राचा जनक म्हणून होतो. मराठीत त्यांच्यावर चार ओळीही माझ्या पाहण्यात आल्या नाहीत.

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. सत्तावीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. पाण्याच्या पातळीचे आकडे रजिस्टरात चढवणं हा त्यातला मोठा भाग. जर्मन मला शब्दकोशाच्या आधाराने वाचता येते, तुर्की त्याहून कमी. असल्या माणसाने या विषयात का पडावं, असं कुणी विचारलं तर उत्तर त्या रजिस्टरातच आहे. ते शेवटी सांगतो.

कोसविग यांचा जन्म १९०३ चा, बर्लिनचा. शिक्षण तिथेच, एर्विन बाउर या आनुवंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली. हे बाउर म्हणजे मानवी आनुवंशिकतेवरच्या त्या सुप्रसिद्ध, नंतर कुप्रसिद्ध ठरलेल्या ग्रंथाचे एक लेखक. दुसरे लेखक ऑयगेन फिशर, तिसरे फ्रित्स लेन्त्स. या ग्रंथाचा आधार पुढे नाझींच्या वंशविचाराला मिळाला. यातल्या फिशर यांच्याकडे १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या इरावती कर्वे संशोधन करत होत्या. कवटीच्या दोन्ही बाजूंमधली विषमता हा त्यांचा विषय. युरोपीय वंशाचं श्रेष्ठत्व त्या मोजमापातून सिद्ध व्हावं ही गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. एकाच ग्रंथाचे दोन लेखक. एकाची विद्यार्थिनी पुण्याला परतून समाज समजून घ्यायला गावोगाव हिंडली, दुसऱ्याचा विद्यार्थी तुर्कस्तानात जाऊन तळी हिंडला.

कोसविग यांचं नाव झालं ते माशांमुळे. शोभेचे मासे विकणाऱ्या कुठल्याही दुकानात स्वोर्डटेल आणि प्लॅटी या नावाने मिळतात तेच हे मध्य अमेरिकेतले मासे. प्लॅटीच्या अंगावर काळे ठिपके असतात. स्वतःच्या जातीत हे ठिपके ठिपकेच राहतात. पण त्याचा स्वोर्डटेलशी संकर केला, आणि ती पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशीच जुळवली, तर काही संततीत त्या ठिपक्यांच्या जागी काळी गाठ वाढू लागते. ती गाठ म्हणजे कर्करोग. प्लॅटीमध्ये ठिपका देणारं जनुक असतं तसं त्याला आवरणारंही काही असतं. संकरात ठिपका येतो, आवर सुटतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कोसविग जर्मनीत आणि मायरन गॉर्डन अमेरिकेत स्वतंत्रपणे या निष्कर्षाला पोचले. कर्करोगाचा धागा आनुवंशिकतेत शोधता येतो हे दाखवणाऱ्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

आता हा शोध १९३३ च्या जर्मनीत कसा वाचला जाऊ शकतो याचा विचार करा. ‘संकरातून रोग’ हे शब्द उचलून माणसांना चिकटवायला कितीसा वेळ लागतो? माशाच्या दोन वेगळ्या जाती आणि माणसाची एकच जात यांतला फरक सांगणारा आवाज तिथे क्षीण होत चालला होता. कोसविग ज्यू नव्हते. त्यांच्यावर घरदार सोडण्याची सक्ती नव्हती. १९३३ पासून चार वर्षं त्यांनी ब्राउनश्वाइगला त्याच राजवटीत प्राध्यापकी केली. हेही नोंदवलं पाहिजे. त्यांना पहिल्या दिवसापासूनचे हुतात्मे करण्यात अर्थ नाही. पण राजवटीशी त्यांचं बिनसत गेलं आणि १९३७ मध्ये त्यांनी देश सोडला.

इस्तंबूलचं दार त्यांच्यासाठी उघडं कसं होतं, याची गोष्ट चार वर्षं आधी सुरू होते. जिनिव्हाचे शिक्षणतज्ज्ञ आल्बेर माल्श यांच्या अहवालानुसार अतातुर्क यांच्या सरकारने जुनं विद्यापीठ ३१ जुलै १९३३ रोजी बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी इस्तंबूल विद्यापीठ उघडलं. जुन्या विद्यापीठातले दीडशेहून अधिक अध्यापक घरी बसले. या बदलाची ही दुसरी बाजू आपण विसरू नये. त्याच जुलैच्या ६ तारखेला फिलिप श्वार्त्स नावाचे, स्वतःच फ्रँकफुर्टहून परागंदा झालेले विकृतिशास्त्रज्ञ अंकाऱ्यात शिक्षणमंत्री रशीत गालिप यांना भेटले होते. श्वार्त्स यांच्या खिशात जर्मनीतून हाकललेल्या विद्वानांची यादी होती. एका बैठकीत तिसेक प्राध्यापकांची नावं ठरली. प्राणिशास्त्राची जागा स्वित्झर्लंडच्या आंद्रे नाव्हिल यांना मिळाली. ते १९३७ मध्ये वारले आणि त्या रिकाम्या खुर्चीवर कोसविग आले.

या प्राध्यापकांच्या करारात एक अट होती आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. सुरुवातीला दुभाष्या घेऊन शिकवा, पण दोन-तीन वर्षांत तुर्की शिका, तुर्कीतून शिकवा, तुर्कीत पाठ्यपुस्तकं तयार करा. वर्गात प्राध्यापक एक वाक्य जर्मनमध्ये बोलत, शेजारी उभा असलेला तरुण सहायक ते तुर्कीत सांगे. हे सहायकच पुढे प्राध्यापक झाले. लिपी १९२८ मध्येच बदललेली, अरबी जाऊन रोमन आलेली. भाषेतून अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याचं काम चालू होतं. आनुवंशिकतेला जुना शब्द होता ‘वेरासेत’. त्याच अरबी धातूतून आपल्याकडे वारस, वारसा हे शब्द आले. तुर्कांनी तो बाजूला ठेवून ‘राहणे, उरणे’ या आपल्या क्रियापदावरून ‘कालितिम’ घडवला: मागे उरतं ते. आपण संस्कृतकडे गेलो, ते आपल्या क्रियापदाकडे. विज्ञानाची परिभाषा घडवताना आपल्याकडे झालेले वाद ज्यांना आठवतात त्यांना यातली गंमतही कळेल आणि धोकाही.

१९४० मध्ये विद्यापीठाने ‘विद्यापीठ सप्ताह’ सुरू केला. पहिला दूरच्या एर्झुरुमला झाला. प्राध्यापकांनी राजधानीपासून लांबच्या गावांत जाऊन लोकांसमोर बोलायचं अशी ती कल्पना. विज्ञान लोकांपर्यंत नेणं ही त्या काळात कुणाची वैयक्तिक हौस उरली नव्हती. नोकरीचाच तो भाग होता.

कोसविग यांनी प्रयोगशाळेपुरतं काम ठेवलं नाही. मध्य आनातोलियातल्या खाऱ्या तळ्यांत बोटभर लांबीचे मासे असतात. ही तळी एकमेकांपासून तुटलेली, त्यामुळे प्रत्येक तळ्यातला मासा आपल्या वाटेने बदलत गेलेला. काहींच्या अंगावरचे खवलेसुद्धा नाहीसे होत आलेले. उत्क्रांती शिकवायला गालापागोसला जायला नको, आपल्या देशातली तळी पुरेत, हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवलं. आतिफ शेंग्युन या विद्यार्थ्यासोबत त्यांनी न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांमधली महाकाय गुणसूत्रं तपासली. एकाच अळीच्या वेगवेगळ्या अवयवांत एकच गुणसूत्र वेगळं दिसतं हा तो निबंध. १९४७ मध्ये अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ हेरेडिटी’त गुरुशिष्यांच्या जोडनावाने तो छापून आला. चौदा वर्षांपूर्वी जन्मलेल्या विद्यापीठाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

आणि १९३८ मध्ये त्यांना मान्यास सापडलं. मार्मारा समुद्राच्या दक्षिणेला, बांदिर्मा शहराजवळचं हे तळं सुमारे १६० चौरस किलोमीटर पसरलेलं, पण उथळ. बुडायला झालं तर दोन-अडीच पुरुष खोल. वसंतात पाणी चढतं आणि काठावरचं वाळुंजाचं बन पाण्यात उभं राहतं. त्या बुडालेल्या झाडांवर पाणकावळे, बगळे, चमचे, रातबगळे, झोळीवाले पक्षी घरटी करतात. खाली पाणी असल्यामुळे कोल्हाकुत्र्यांची भीती नाही. कोसविग आणि त्यांच्या पत्नी लिओनोर यांनी या बनाला नाव दिलं ‘कुश जेन्नेती’, पक्ष्यांची जन्नत.

नावात एक योगायोग आहे. याच तळ्याच्या काठी दास्किलेओन होतं, इराणी क्षत्रपाचं ठाणं. ग्रीक लेखक झेनोफोनने तिथल्या राखीव उपवनांचं आणि मुबलक पक्ष्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. अशा उपवनाला ग्रीकांनी इराण्यांकडून घेतलेला शब्द ‘पारादेइसोस’. गझल वाचणाऱ्यांच्या ओळखीचा ‘फिरदौस’ त्याच घरातला. म्हणजे दोन हजार तीनशे वर्षांनी त्याच काठाला पुन्हा तेच नाव मिळालं. दास्किलेओनची जागा नक्की झाली ती मात्र नंतर, १९५२ मध्ये.

तळं निर्मनुष्य नव्हतं. काठावर शेतकरी होते, गुरं होती, आणि मासेमारीवर जगणारे रशियन बोलणारे कोसॅकही होते. त्यांचे पूर्वज झारच्या राज्यातून परागंदा होऊन आले होते. यातले सुमारे हजार जण १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाला परतले. १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते अख्ख्या तळ्याचं नव्हे. सुरुवातीला ते जेमतेम पन्नास-साठ हेक्टरांचं होतं, वाळुंजाचं बन आणि लगतचा काठ. बाकीच्या तळ्यात होडी चालत राहिली, जाळं पडत राहिलं. १९७६ मध्ये युरोप परिषदेने त्याला पहिल्या वर्गाची सनद दिली.

इथे मला भरतपूर आठवतं. मुंबईचे सालिम अली १९२९-३० मध्ये बर्लिनलाच स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकले. भरतपूर वाचवण्यात त्यांचा वाटा मोठा. पण १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान होऊन गुरं चारायला बंदी आली, संघर्ष झाला, गोळीबारात गावकरी मेले. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्या तसं गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. माणसं वजा केली की निसर्ग उरतो, हे गणित तिथे चुकलं.

कोसविग यांनी आणखी एका पक्ष्याकडे जगाचं लक्ष वेधलं. युफ्रेटीसच्या काठी बिरेजिक गाव आहे. तिथल्या कड्यावर टकल्या डोक्याचा, काळा, वाकड्या चोचीचा शराटी घरटी करत असे, तुर्कीत ‘केलायनाक’. दर फेब्रुवारीत ते थवे परतले की गाव उत्सव करी. हा पक्षी नोहाच्या नौकेतला, हाजींना मक्केची वाट दाखवणारा, अशी श्रद्धा. १९५०च्या दशकात कोसविग तिथे पोचले तेव्हा शेकडो पक्षी होते. त्याच सुमारास डीडीटीची फवारणी झाली आणि पक्षी मरू लागले. १९७७ मध्ये पैदास केंद्र निघालं, तरी १९८९ मध्ये रानटी थवा संपला. आज तिथे दिसतात ते केंद्रात वाढवलेले.

१९५५ मध्ये कोसविग हॅम्बुर्गला परतले आणि तिथे प्राणिशास्त्र संस्थेचे संचालक झाले. १९८२ मध्ये जर्मनीतच वारले. पण त्यांना पुरलं इस्तंबूलला, बॉस्फरसच्या काठच्या आशियान दफनभूमीत, लिओनोर यांच्या शेजारी. आशियान म्हणजे घरटं. आपल्याकडच्या बंगल्यांवर ‘आशियाना’ लिहिलेलं असतं तोच शब्द.

आता रजिस्टराविषयी. मान्यास १९९४ मध्ये रामसर यादीत गेलं. त्याच दशकात बांध घालून आणि पाणी अडवून तळ्याची पातळी माणसाच्या सोयीने राखली जाऊ लागली. वाळुंजाला वसंतात पाण्यात उभं राहायला चालतं, पण उन्हाळ्यात मुळं उघडी पडावी लागतात. पाणी उतरलं नाही की झाड कुजतं, नवं रोप रुजत नाही आणि घरट्याला फांदी उरत नाही. म्हणजे पक्षी राखायचे तर झाड राखायला हवं, आणि झाड राखायचं तर पाण्याची उतरती पातळी.

मी राहतो तिथून नांदूरमधमेश्वर जवळ आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, गाळ साचला, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. त्या पाण्याचे आकडे मी वर्षानुवर्षं लिहिले: आज किती फूट, काल किती फूट, कालव्याला किती सोडलं. शेजारच्या रकान्यात पिकाची मागणी असे. पक्ष्यांचा रकाना नव्हता आणि तो असावा हे मला एकदाही सुचलं नाही. मान्यासविषयी वाचल्यावर मी माझ्याकडच्या जुन्या वह्या काढून बसलो. पाणी कुठल्या महिन्यात किती उतरलं आणि त्या हिवाळ्यात पक्षी किती आले, हे शेजारी शेजारी मांडून पाहतो आहे. पक्ष्यांचे आकडे गावातली पोरंच देतात. दुर्बिणी घेऊन ती दर रविवारी बंधाऱ्यावर असतात. त्यांच्यासाठी हे सारं मी मराठीतच मांडतो आहे. कोसविग यांच्या करारातली ती अट मला इथेही लागू आहे असं वाटतं.