औदुंबरचं व्रत

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली, आणि आठवड्याभरात आमच्या घरी आम्ही पाच-सहा जणी जमलो. माहेर कुणाचं कोल्हापूर, कुणाचं सांगली, कुणाचं सोलापूर. सासर मात्र सगळ्यांचं इंदूर. ऊन असतानाच जेवणं उरकायची म्हणून दुपारची वेळ ठरवली होती. भाच्यानं टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि ‘ब्रह्मचारी’ हा १९३८ चा सिनेमा लावून तो पळाला. चित्र धूसर, आवाज खरखरीत. एक जण म्हणाली, “अगं, आत्ता तर उत्तम ब्रह्मचर्याचं प्रवचन ऐकून आलोय, आणि लगेच हे?” सगळ्या हसलो.

हा सिनेमा बघायची माझी इच्छा फार जुनी, आजीपासूनची. सिनेमा आला तेव्हा आजी लग्न होऊन नुकतीच कोल्हापुरात आली होती. ती सांगायची, त्यातल्या पोहण्याच्या गाण्याचं नाव निघालं की घरातले पुरुष उगाच खाकरायचे. आजोबांनी सिनेमा पाहिला होता, त्यांच्या भावांनीही पाहिला होता. बायकांना मात्र कुणी नेलं नाही. म्हणजे आमच्या घरात या सिनेमाची निम्मीच गोष्ट पोचली होती.

तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाचं माहेरघर. १९२९ साली ‘प्रभात’ कंपनी तिथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मागे राहिलेल्यांनी हिंमत सोडली नाही. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये ‘हंस पिक्चर्स’ काढली. त्यांचा पहिला सिनेमा ‘छाया’, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा. दोन वर्षांनी आचार्य अत्र्यांच्या कथेवर ‘ब्रह्मचारी’ आला, मराठीत आणि हिंदीतही. दिग्दर्शक विनायक, नायकही तेच.

गोष्ट साधी आहे. औदुंबर नावाचा चारचौघांसारखा तरुण. खोलीत सिनेमातल्या नट्यांची चित्रं लावलेली. एके दिवशी तो देशभक्त जटाशंकरांचं व्याख्यान ऐकतो. विषय, ब्रह्मचर्य आणि राष्ट्रसेवा. व्याख्यान त्याच्या असं काही अंगात शिरतं की घरी येऊन तो सगळी चित्रं काढून टाकतो, आजन्म ब्रह्मचारी राहायचं ठरवतो आणि आचार्य चंडीराम यांच्या आश्रमवजा संस्थेत दाखल होतो. मग तिथे येते किशोरी. तिला औदुंबर आवडतो, आणि ते ती लपवत नाही. पुढे काय होणार हे आपल्याला लगेच कळतं. एकट्या औदुंबरला तेवढं कळत नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

किशोरीचं काम मीनाक्षी शिरोडकरांनी केलं. माहेरच्या रतन पेडणेकर. मीनाक्षी हे नाव सिनेमासाठी मिळालेलं. आजच्या मुलींना त्यांची ओळख नम्रता आणि शिल्पा शिरोडकर यांची आजी म्हणून पटकन पटेल. पोहण्याचा पोशाख घालून, स्वतःच्या आवाजात गाणं म्हणत ही बाई पडद्यावर आली आणि महाराष्ट्रात खळबळ माजली. आम्ही ते गाणं पाहिलं तेव्हा एक जण म्हणाली, “एवढंच? एवढ्यासाठी का तुझे आजोबा खाकरत होते?” आज खरोखरच काही वाटत नाही. मला धीट वाटला तो पोशाख नव्हे. धीट वाटलं ते किशोरीचं हसू. ती लाजत नाही आणि रडतही नाही. ‘तुझं हे व्रत मला पटत नाही’ असं ती हसत हसत सांगते.

हे ज्या काळात घडलं तो काळ जरा आठवायला हवा. ब्रह्मचर्यावर तेव्हा सभा-व्याख्यानं होत, पुस्तकं निघत, तालमींतून उपदेश होत असे. गांधीजींनी १९०६ सालीच आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. दुसऱ्या टोकाला मुंबईत र. धों. कर्वे होते. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ मध्ये काढलं. बाईच्या शरीराचे हाल थांबवायचे तर संततिनियमनाची साधनं हवीत, असं ते उघड लिहीत. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. थोडक्यात, नवरा-बायकोच्या नात्याबद्दल सगळीकडे बोललं जात होतं. पण बोलणारे, लिहिणारे, व्रत घेणारे बहुतेक पुरुषच.

अत्रे हे सगळं पाहत होते. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात त्यांनी सूर्यनमस्काराच्या वेडाची थट्टा केली होती. सूर्यनमस्कार वाईट असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्याचं वेड लागलेल्या माणसावर ते हसत होते. ‘ब्रह्मचारी’त मला तेच दिसलं. औदुंबरचं हसू येतं कारण व्रत त्याच्या आतून आलेलं नाही. ते टाळ्यांच्या कडकडाटातून आलंय. काल भिंतीवर नट्या होत्या, आज त्या जागी व्रत टांगलं. खिळा तोच.

आपल्याकडे, म्हणजे जैनांच्या घरात, ही थट्टा आधी बोचते. ब्रह्मचर्य हे पाच व्रतांमधलं एक, मुनींसाठी महाव्रत आणि आपल्यासाठी अणुव्रत. पण आपल्या आचार्यांनी गृहस्थाला एकदम डोंगरमाथ्यावर उडी मारायला सांगितलेली नाही. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त गृहस्थाच्या या अणुव्रताला ‘स्वदारसंतोष’ असंही नाव आहे. पूर्ण ब्रह्मचर्य येतं ते अकरा प्रतिमांमध्ये सातव्या पायरीवर. त्याआधी सहा पायऱ्या. दर्शन, व्रत, सामायिक, प्रोषधोपवास, सचित्तत्याग, रात्रिभुक्तित्याग. जिभेवर, वेळेवर, मनावर ताबा आला की मग सातवी. औदुंबर पहिलीवर पाय न ठेवता सातवीवर चढायला निघाला. आपल्या शास्त्राच्या हिशेबानंसुद्धा तो पडणारच होता.

गांधीजींना ब्रह्मचर्याच्या विचाराकडे वळवण्यात श्रीमद् राजचंद्रांचा, म्हणजे एका जैन गृहस्थाचा मोठा वाटा होता. हे त्यांनी आत्मकथेत स्वतः लिहिलंय. त्याच आत्मकथेत एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली आहे. व्रत घेईपर्यंत या विचारात त्यांनी कस्तुरबांना सामील केलं नव्हतं. घेतेवेळी विचारलं, आणि बांची हरकत नव्हती. बी.ए.ला असताना मी हे वाचलं होतं आणि पुढे गेले होते. आता पन्नाशीत वाचताना तिथेच थांबले. हरकत नव्हती हे आपल्याला गांधीजी सांगतात. बांच्या मनात काय होतं, ते बांनी लिहून ठेवलेलं नाही.

आपल्याकडे राजुल आहे. नेमिनाथ वरातीतून परत फिरले, बांधून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून. त्यांचा त्याग आणि औदुंबरचा हट्ट यांची तुलना माझ्या मनातही येत नाही. पण राजुलची गाणी आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, ती का? मंडपात ती उभी होती म्हणून. वैराग्याच्या त्या महान कथेत तिच्या वाट पाहण्यालाही जागा आहे, आणि मग ती स्वतःच्या निश्चयानं गिरनार चढली म्हणून.

सिनेमा संपला. चहा झाला. थट्टा चालूच होती. आमच्यातल्या एक वहिनी मात्र गप्प होत्या. मग हातातला कप ठेवत म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी मागे चातुर्मासात प्रवचनाला उठून आजन्म व्रत घेतलं. मी घरी पाहुण्यांचं करत होते. मला शेजारणीनं सांगितलं, अभिनंदन म्हणून.”

कुणालाच काही बोलता येईना. जरा वेळानं त्याच म्हणाल्या, “व्रताचं वाईट नाही गं वाटलं. आपलं वयही झालं. विचारलं असतं तर मीही शेजारी उभी राहिले असते. सजोडे घेतलं असतं. आता ते त्यांचं व्रत आहे, आणि पाळते मीही.”

‘ब्रह्मचारी’ हा फार थोर सिनेमा आहे असं मी म्हणणार नाही. काही विनोद आता जुने झालेत, काही ठिकाणी कंटाळाही येतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आला होता. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली त्यातली नीरा रागानं झगडते, आणि तो सिनेमा आपण मानानं आठवतो. किशोरीला आपण पोशाखावरून आठवतो. हे बरोबर नाही. तिनंही एक गोष्ट ठणकावून सांगितली होती: तुझ्या निर्णयात माझंही आयुष्य आहे, मला विचार.

पुढे याच विनायकांनी आपल्या इंदुरात जन्मलेल्या लताला, दीनानाथांच्या मृत्यूनंतर, आपल्या कंपनीत काम दिलं. आजीला लताची गाणी ऐकायला मिळाली, घरात, रेडिओवर. ‘ब्रह्मचारी’ मात्र राहून गेला. ती असती तर मी तिला शेजारी बसवून दाखवला असता. आजोबांना बाहेर ओट्यावर खाकरू दिलं असतं.

वहिनी निघताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चपला घालताना त्या म्हणाल्या, “ह्यांनाही दाखवू का गं हा सिनेमा?” मी म्हटलं, “दाखवा. आणि तुम्हीही शेजारी बसा.”