रात्रीचे पहारेकरी

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण लोखंडी नांगरापाशीच संपवतो. बेळगावात नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. चिकाटीचा हा धडा मीही वर्गात किती वर्षे शिकवला! (लक्ष्मणराव मूळचे शिक्षकच, बरं का. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिकवत.)

हल्ली मात्र पुढचेच आठवत राहते. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचे ३२ एकर माळरान दिले. नुसते निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. त्या किर्लोस्करवाडीत रात्रीचा पहारा त्यांनी कोणाकडे द्यावा? तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे! ज्यांना कोणी दारात उभे करत नसे, त्यांच्या भरवशावर कारखाना झोपत असे.

मंडळी, एक कबुली देतो. सहलीची वर्गणी मोजायला मी एका हुशार मुलाला बसवत असे. एकदा पाच रुपये कमी भरले. आपणच घेतले, असे त्याने रडत सांगितले. मी मारले नाही, घरी कळवले नाही, याचाच मला केवढा अभिमान! पण दहावीपर्यंत त्याच्या हाती पुन्हा पैसे दिले नाहीत. दुसरी मुले मोजत, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसे.