फेंडर रोलिंग म्हणजे काय? जालन्यात गॅरेज निवडताना काय पाहाल?

रुंद टायर बसवले किंवा गाडीची उंची कमी केली, की खड्ड्यात टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या कडेला घासतो. ही कड आत दुमडणे म्हणजे फेंडर रोलिंग. जालना पोलादाच्या रोलिंग मिलसाठी ओळखले जाते, पण हे काम डेंटिंगवाल्याचे.

काम कसे होते?
चाक काढून हबवर रोलर बसवतात. हीट गनने रंग गरम करत कड थोडी थोडी दाबतात. थंड पत्रा हातोडीने ठोकला तर रंग तडकतो, पाणी शिरते आणि गंज धरतो.

मागच्या चाकाकडे जास्त लक्ष का?
पुढचा फेंडर बहुतेक गाड्यांत बोल्टवर असतो, बदलता येतो. मागचा बॉडीलाच वेल्ड केलेला असतो. तिथली चूक महागात पडते.

गॅरेजमध्ये काय विचाराल?
- रोलर आणि हीट गन आहे का?
- दुमडलेल्या कडेला सीलंट लावणार का?
- आधी केलेली गाडी दाखवाल का?

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत. नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे टायरचा आकार मॉडेलला मंजूर आहे का, हे आधी तपासा. मूळ आकाराचा टायर घासत असेल, तर आधी सस्पेन्शन दाखवा.